फ्रेंच फलाटावरची कोनशिला

सान काप्रासिओ गावात गाडी येत नव्हती, पण गाडी सुरू करायला माणसं मात्र नेमानं येत होती.

गाव पिरिनीज डोंगरात, स्पेनच्या अगदी टोकाला. डोंगराच्या पोटातून बोगदा काढलेला, आणि बोगद्याच्या पलीकडे फ्रान्स. गाव मूठभर, पण स्टेशन राजवाड्याएवढं. त्याला कारण होतं. स्पेनचे रूळ रुंद आणि फ्रान्सचे अरुंद, त्यामुळे इकडची गाडी तिकडे जायची नाही आणि तिकडची इकडे यायची नाही. सगळ्यांनी इथे उतरायचं, पेट्या-बोचकी उचलून इमारतीच्या एका अंगाच्या फलाटावरून दुसऱ्या अंगाच्या फलाटावर जायचं आणि दुसऱ्या गाडीत बसायचं. एक स्पॅनिश फलाट, एक फ्रेंच फलाट. पुढे फ्रान्सच्या बाजूला खाली दरीत एक पूल कोसळला आणि गाडी ‘काही काळासाठी’ बंद झाली. तो काही काळ अजून चालूच होता. तेव्हा फलाटावर लपंडाव खेळणारी पोरं आता गुडघ्यांना तेल चोळत होती.

निवडणूक जवळ आली की कुणीतरी मोठा माणूस यायचा आणि गाडी पुन्हा सुरू होणार असं जाहीर करायचा. पहिल्या वेळी गावानं आनंदानं रडून घेतलं. दुसऱ्या वेळी लोकांनी नवे कोट शिवले. त्यानंतर मात्र गावाच्या ध्यानात आलं, की गाडी वेगळी आणि घोषणा वेगळी. गाडी येत नाही, पण घोषणा ही सणासारखी येते, आणि सण आला की तो नीट साजरा करावा. तेव्हापासून सगळा सरंजाम तयार असे. कापायची फीत होती, ती मधोमध आधीच कापून बटणानं जोडलेली. एक ढोल आणि एक सनई एवढा बँड होता. ओरोसियाच्या खानावळीतला कोकराचा रस्सा होता. आणि कोनशिला होती.

या कोनशिलेबद्दल थोडं सांगायला हवं. ती उर्बेस गवंड्यानं घडवली होती. ‘येथे रेल्वेचा पुनःप्रारंभ झाला’ असं तिच्यावर सुबक अक्षरांत कोरलं होतं आणि तारखेची जागा कोरी सोडली होती. तारीख उर्बेस दर वेळी खडूनं लिहायचा. एरवी ती शिळा खानावळीच्या परसात पडलेली असायची आणि तिच्यावर बसून ओरोसिया वाटाणे सोलायची. पाहुणे येणार असले की चार जण ती उचलून फ्रेंच फलाटापुढे, रुळांच्या बरोबर मधे नेऊन ठेवत. मधेच का, तर सकाळचं ऊन तिथे पडतं आणि फोटो चांगला येतो. उर्बेस तिच्याखाली चुना, राख आणि वाळू यांचा एक खास गिलावा घालायचा. दिसायला तो सिमेंटसारखा. पाहुणे थापी हातात घेऊन तो लावत, टाळ्या वाजत, जेवणं होत. पाहुण्यांची मोटार घाटाच्या वळणाआड गेली की पहारीच्या एका हिसक्यात शिळा मोकळी. संध्याकाळी ती परसात हजर.

“असला गिलावा करायला अक्कल लागते,” उर्बेस म्हणायचा. “पक्कं बांधकाम कुणीही करील. चार तास टिकून पाचव्या तासाला सुटणारं करून दाखवा!”

ओरोसिया या सगळ्याला हसायची, पण तिचं हसणं गावाइतकं मोकळं नव्हतं. कारण बोगद्याच्या पलीकडच्या तोंडाशी आर्नूस नावाचं फ्रेंच गाव होतं आणि त्या गावात तिची धाकटी बहीण बेनिता राहत होती.

बेनिता तरुणपणी एका फ्रेंच रेल्वेवाल्याशी लग्न करून गेली. तेव्हा बोगदा चालू होता. दुपारी चूल विझवून निघावं, बहिणीकडे कॉफी घ्यावी आणि दिवेलागणीला परत यावं, असं होतं. गाडी थांबली आणि उरला तो घाट. आणि बेनिताला मोटार लागायची. साधी नव्हे. पहिल्या वळणाला ती पांढरी पडे, दुसऱ्याला हिरवी, आणि तिसऱ्याला शेजारी बसलेल्यानं आपली टोपी सांभाळावी. आई गेली तेव्हा ती त्याच घाटातून आली होती. थांबत, उतरत, रस्त्याकडेला बसत ती पोचली तोवर दफन आटोपून लोक परतले होते. दारात उभी राहून ती म्हणाली, “पुन्हा या घाटानं येणार नाही. आले तर रेल्वेनं येईन आणि फलाटावर उतरेन.” दुःखात माणसाचा जसा तोल जातो तसा ओरोसियाचा गेला. ती म्हणाली, “तर मग मीही तिकडे पाऊल टाकणार नाही. सोडून गेलीस तू. गेलेल्यानं यायचं असतं.”

दोघी एकाच आईच्या लेकी. बोलल्या ते बोलल्या.

तेव्हापासून त्यांची गाठ फोनवर. दर रविवारी चर्चमधून आल्यावर ओरोसिया खुर्ची ओढून बसायची.

“जेवलीस?”

“जेवले. सूप.”

“पुन्हा सूप? त्या देशात माणसाला चावायची बंदी आहे का?”

“तू येऊन करून घाल की. तुला कुठे मोटार लागते?”

“गेलं कोण? मी?”

“येईन मी. रेल्वे सुरू झाली की येईन.”

हे बोलणं इतक्या वेळा झालं होतं, की दोघींना ते चर्चमधल्या प्रार्थनेसारखं पाठ होतं. पण गेल्या हिवाळ्यापासून एक नवीनच गोष्ट सुरू झाली होती. बेनिता बोलता बोलता मधेच थांबायची. फोनमध्ये नुसता श्वास ऐकू यायचा, जिना चढून आल्यासारखा.

“काय गं?” ओरोसिया विचारायची.

“काही नाही. मांजर आडवं आलं.”

बेनिताकडे मांजर नव्हतं.

फोन ठेवल्यावर ओरोसिया बराच वेळ तशीच बसून राही. बहीण डोळ्यांनी दिसायला हवी होती. पण त्यासाठी एकतर गाडी सुरू व्हायला हवी होती, नाहीतर दोघींपैकी एकीनं शब्द मागे घ्यायला हवा होता. आणि या दोहोंतलं गाडी सुरू होणं तिला जास्त सोपं वाटत होतं.

अशात त्या शरदात एलिसेंदा आली.

ती एका लहानशा मोटारीतून एकटीच उतरली. पायांत चिखलाचे बूट, पाठीवर पिशवी. चौकात मोटार थांबलेली पाहून सरपंच कुस्तोदिओ छातीवर मानाचा पट्टा चढवत धावत आला. त्याच्यामागे ढोल आणि सनई.

“स्वागत, स्वागत! मंत्रिसाहेब कुठे आहेत?”

“कोण मंत्रिसाहेब?” एलिसेंदानं विचारलं. “मी इंजिनिअर आहे.”

“हो हो. म्हणजे साहेब मागून येतायत.”

“मागून कुणी नाही.”

“मग भाषण कोण करणार?”

“कुणीच नाही. मला बोगदा बघायचाय. आणि यांना जरा वाजवायचं थांबवायला सांगता का? मला स्वतःचंच ऐकू येत नाहीये.”

सनई वाजवणाऱ्याच्या आजवरच्या कारकिर्दीत त्याला असं कुणी म्हणालं नव्हतं. तो इतका दुखावला, की पुढचे दोन दिवस ती दिसली की रस्ता बदलून जाऊ लागला.

एलिसेंदा ओरोसियाच्या खानावळीत उतरली. रोज सकाळी बोगद्यात जायची आणि संध्याकाळी काळी होऊन परत यायची. पाहुण्यांच्या टेबलावर न बसता ती स्वयंपाकघरात चुलीजवळच येऊन बसायची, आणि ओरोसियाला ते आवडलं. एका सकाळी लसूण-द्राक्षं घालून परतलेला पावाचा चुरा तिच्यापुढे ठेवून ओरोसियानं विचारलंच.

“खरं सांग पोरी. गाडी होणार का?”

“शक्य आहे, मावशी.”

“शक्य! आजवर आलेला प्रत्येक जण शक्य म्हणून गेलाय. ‘होणार’ आणि ‘नाही होणार’ यांच्यामधे सरकारनं बांधलेली धर्मशाळा आहे ती. आम्ही सगळे तिथेच मुक्कामाला आहोत.”

एलिसेंदा हसली. घास संपवून मग म्हणाली, “मी तुम्हाला खोटं नाही सांगणार. बोगदा माझ्या अपेक्षेपेक्षा बरा आहे. पण तिकडचा पूल पडलेला आहे, पैसे दोन सरकारांनी द्यायचेत आणि दोन सरकारांचं एकमत व्हायचंय. मी फक्त बोगद्याचं सांगू शकते. गुरुवारी आर्नूसच्या बाजूनं रूळ तपासायची ट्रॉली येणार आहे. बोगद्यातून थेट तुमच्या फ्रेंच फलाटापर्यंत. ती नीट आली तर ‘शक्य’ला थोडा तरी अर्थ येईल.”

“गाडी येणार? चाकांवर?”

“लहान आहे. पण हो, चाकांवर.”

ओरोसियानं तव्याकडे तोंड फिरवलं. आशा धरायची नाही असं तिनं मनाला फार पूर्वी बजावलं होतं. आता छातीत जे धडधडत होतं ते चुलीच्या धगीमुळे, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

त्याच संध्याकाळी एलिसेंदानं गावाला चौकात बोलावून सांगितलं, “गुरुवारी सकाळी ट्रॉली येईल. तोवर रूळ मोकळे करून ठेवा. झाडं, झुडपं, दगडधोंडे, काही नको.” गावानं माना डोलावल्या. मंत्र्यांपुढे डोलवायच्या तशाच. मग सगळे कामाला लागले आणि त्यांनी खरोखर मनापासून काम केलं. रुळांमधली काटेरी झुडपं काढली, गवत काढलं, बकऱ्या हाकलल्या. रूळ असे दिसू लागले जसे काही कालच टाकलेत.

आणि मग, रूळ इतके छान मोकळे झालेले पाहून, सरपंच म्हणाला, “आता शिळा बसवायला काय शोभा येईल!”

खोटं का सांगा, यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. दगडधोंडे नकोत असं बाई म्हणाल्या होत्या. पण कोनशिला म्हणजे काय दगडधोंडा? ती समारंभाची वस्तू. बाईंना भाषण नको होतं, ठीक. पण पाहुणा आला आणि कोनशिला बसली नाही, असं या गावात कधी घडलं नव्हतं.

बुधवारी दुपारी उर्बेस परसात शिळा न्यायला आला. वाटाण्यांची परात बाजूला ठेवून ओरोसिया उठली.

“उर्बेस, तुला काय वाटतं? येईल का काही त्या बोगद्यातून?”

उर्बेसनं डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. महत्त्वाचं बोलायच्या आधी तो हे करायचा.

“ओरोसिया, मी आजवर सगळ्यांना पाहिलंय. मंत्री, उपमंत्री, तो एक ड्यूक. सगळे बोलले. ही बाई बोलत नाही. सरकारकडून माणूस येतो आणि भाषण करत नाही, म्हणजे काम खरं असलं पाहिजे. गाडी होणार. उद्या नाही, परवा नाही, पण होणार. म्हणून मी ठरवलंय,” इथे त्यानं आवाज खाली आणला, “या वेळी खरं सिमेंट घालायचं.”

“खरं?”

“आजच घालतो, म्हणजे उद्यापर्यंत धरेल. तारीखही छिन्नीनं कोरतो. आता वाटाणे सोलायला तू दुसरी जागा बघ.”

बिचारा उर्बेस! सगळ्या गावात एकट्या त्यालाच विश्वास वाटला होता. पण तो होता पुढे कधीतरी येणाऱ्या गाडीवर. गुरुवारीच काही येईल हे त्याच्याही डोक्यात शिरलं नव्हतं.

संध्याकाळी ओरोसियानं रविवार नसताना फोन लावला. बेनितानं घाबरूनच उचलला.

“कोण गेलं?”

“कुणी नाही गेलं. तोंडातून कधी बरं काही काढ. इथे पुन्हा एक घोषणा आहे, एवढंच सांगायचं होतं. उद्या म्हणे तुमच्याकडून ट्रॉली येणार.”

पलीकडे श्वास ऐकू आला. मग बेनिता म्हणाली, “गास्तोंची ट्रॉली?”

गास्तों हा बेनिताचा मुलगा, तिकडच्या रेल्वेत रूळ तपासायच्या कामावर.

“मला काय माहीत कुणाची! मी म्हणते, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवू नये.”

“मी कुठे ठेवतेय?” बेनिता म्हणाली. “उद्या तुझ्याकडे जेवायला काय आहे?”

“रस्सा. का?”

“सहज विचारलं. मांजर आलं बघ,” असं म्हणून तिनं फोन ठेवला.

गुरुवारी सकाळी उन्हात फ्रेंच फलाट भरून गेला. ओरोसिया रश्शाचं पातेलं तिथेच घेऊन आली होती आणि एका बाकाजवळ चूल मांडून बसली होती. एलिसेंदा बोगद्याच्या आतल्या बाजूला काहीतरी मोजायला गेली होती. तिच्या माघारी समारंभ उरकून घ्यावा असा सरपंचानं बेत केला होता. खाली रुळांच्या मधोमध शिळा बसलेली होती, ताज्या कोरलेल्या तारखेसकट, आणि तिच्या शेजारी उर्बेस नवा कोट घालून उभा होता.

“बंधूंनो आणि भगिनींनो,” सरपंचानं सुरुवात केली, “एक दिवस असा उजाडेल, की या बोगद्यातून—”

बोगद्यातून भोंगा वाजला.

ढोलवाल्याला वाटलं सनईवाल्यानं वाजवलं. सनईवाल्याला वाटलं ढोलवाल्याच्या पोटातून आलं. सरपंचानं दोघांकडे रागानं बघितलं आणि पुन्हा म्हणाला, “या बोगद्यातून—” आणि बोगद्यातून एक पिवळी ट्रॉली दिवा लावून बाहेर आली.

कुणी ओरडलं नाही, टाळ्या वाजवल्या नाहीत. इतक्या वर्षांत घोषणेनंतर काय करायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं. गाडी आल्यावर काय करायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. एका म्हातारीनं तेवढी छातीवर क्रुसाची खूण केली. मग उर्बेसला एकदम उमगलं आणि तो दोन्ही हात हलवत रुळांवरून पळत सुटला.

“थांबा! थांबा! दगड आहे!”

“दगड नाही, कोनशिला आहे,” सरपंचाच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

ब्रेक किंचाळले. ट्रॉली घसरत आली आणि शिळेपासून हातभर अंतरावर थांबली. फलाट तिथून पुढे सुरू होत होता. ट्रॉलीतून आधी एलिसेंदानं उडी मारली. ती बोगद्यातच ट्रॉलीत चढली होती. तिनं शिळेकडे पाहिलं, शिळेवरचा मजकूर वाचला, आणि डोळ्यांवर हात घेतला.

“येथे रेल्वेचा पुनःप्रारंभ झाला,” ती हळूच म्हणाली. “आणि येथेच थांबला.”

पण ओरोसियाचं तिकडे लक्ष नव्हतं. ट्रॉली चालवणाऱ्या दांडग्या गास्तोंच्या मागे, बाकड्यावर, मांडीवर पर्स घट्ट धरून कुणीतरी बसलं होतं. डोक्यावर एवढं मोठं पिवळं हेल्मेट, की खाली फक्त हनुवटी दिसत होती. ती हनुवटी ओरोसियानं ओळखली. ती त्यांच्या आईची होती.

“मी काय करू, मावशी?” गास्तों खालून ओरडला. “सकाळी शेडचं दार उघडलं तर ही आत बसलेली! उतर, उतर म्हणत होतो. म्हणाली, मी मेल्यावर तुला पश्चात्ताप होईल. ही रोज हेच म्हणते, पण आज शेडमधल्या लोकांसमोर म्हणाली!”

“रेल्वे लागली नाही हो मला,” बेनिता सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “मुळीच लागली नाही. फलाट कुठाय?”

“पुढे आहे, आई. दगडामुळे जाता येत नाही. उतर इथेच, चार पावलं चाल.”

“मी फलाटावर उतरेन असं म्हटलं होतं. खडीत उतरेन असं नाही.”

आता मात्र गावात जीव आला. जो तो काहीतरी सुचवू लागला. चौघांनी शिळेला पहारी लावल्या. शिळा हलेना. पुन्हा लावल्या. पहार वाकली. उर्बेसचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. लाजेनं तो लाल झाला होता आणि अभिमानानं त्याची छाती फुगली होती.

“मी बांधलेलं आहे ते,” तो पुटपुटला. “सहज नाही निघणार.”

“बेनितामावशी, तुम्हाला खुर्चीत बसवून उचलून आणू का?” सरपंचानं विचारलं.

“मी काय मिरवणुकीतली मूर्ती आहे? दूर हो. आणि तो पट्टा काढ, तुझ्या बापाला जास्त शोभायचा.”

मग हळूहळू सगळ्यांच्या माना फलाटाकडे वळल्या. ओरोसिया फलाटाच्या कडेवर उभी होती, हातात पळी. गावात सगळ्यांना तिचा शब्द माहीत होता. गेलेल्यानं यायचं. आणि गेलेली आली होती, पण फलाटाला चार पावलं कमी पडत होती.

ओरोसियानं बहिणीकडे बघितलं. लग्नाच्या दिवशी याच फलाटावरून खिडकीतून डोकं बाहेर काढून, केस वाऱ्यावर सोडून हसत गेलेली बेनिता केवढी होती, आणि आता त्या बाकड्यावर बसलेली केवढीशी उरली होती. तिचे पाय खाली टेकत नव्हते. मोठ्यानं बोलून झाल्यावर तिचे खांदे वर-खाली होत होते, आणि इथे तर कुठलं मांजरही नव्हतं.

ओरोसियानं पळी सनईवाल्याच्या हातात दिली. फलाटाच्या कडेवर बसली, पाय खाली सोडले आणि एलिसेंदाच्या खांद्याचा आधार घेऊन खडीत उतरली. ट्रॉलीपाशी जाऊन तिनं दोन्ही हात कमरेवर ठेवले.

“मी तुझ्यासाठी आले नाहीये,” ती म्हणाली. “दगड बघायला आलेय.”

“मग बघ.”

“बघितला.”

“कसा आहे?”

“वाकडा बसलाय.”

“वाकडा?” उर्बेस मागून कळवळून ओरडला.

“सरक तिकडे,” ओरोसिया बहिणीला म्हणाली. बेनिता सरकली. गास्तोंनं हात दिला आणि ओरोसिया वर चढून बाकड्यावर बसली. दोघी शेजारी शेजारी बसल्या, समोर बघत. मग बेनितानं हेल्मेट काढून मांडीवर घेतलं.

“म्हातारी झालीस,” ती म्हणाली.

“तू आरसा बघतेस का कधी?”

“रश्शाचा वास चांगला येतोय.”

रस्सा ट्रॉलीपाशीच आला. गावही खाली उतरलं. कुणी रुळांवर बसलं, कुणी खडीत पंचा पसरला, दोन जणांनी त्या न हलणाऱ्या शिळेवर ताटं मांडली. एलिसेंदाही जेवली. सनईवाल्यानं तिला आपण होऊन दुसऱ्यांदा वाढलं, तेव्हा तिनंही त्याला म्हटलं, आता वाजवा काय वाजवायचं ते. दोघी बहिणी मात्र ट्रॉलीतच बसून जेवल्या. बोलत होत्या, पण काय ते कुणाला कळलं नाही. कारण दोघीही एकाच वेळी बोलत होत्या.

शेवटी एलिसेंदा उठली. बोगद्याची परवानगी दुपारपर्यंतचीच होती. ट्रॉली परत न्यायला हवी होती.

“मावशी, तुम्हाला उतरावं लागेल,” ती ओरोसियाला म्हणाली.

ओरोसिया उतरायला म्हणून उठली. आणि त्याच वेळी बेनितानं तिच्या एप्रनचं टोक धरलं. धरलं म्हणजे ओढलं नाही. नुसतं बोटांत पकडलं, लहानपणी बाजारात गर्दी असली की पकडायची तसं. ओरोसिया उभी राहिली, मग पुन्हा खाली बसली.

“दगडाशी आता माझं काही काम नाही,” ती म्हणाली, “आणि माझे गुडघे दुखतायत. मला काही खाली उतरता येणार नाही.”

“मावशी, नियमात बसत नाही हे.”

गास्तोंनं हळूच एलिसेंदाला म्हटलं, “बाई, ही माझी आई. ती तिची थोरली बहीण. तुम्ही दोघींना समजावून बघा. मी तोवर इथेच उभा आहे. संध्याकाळ झाली तरी.”

एलिसेंदानं दोघींकडे बघितलं. मग स्वतःच्या डोक्यावरचं हेल्मेट काढून ओरोसियाला घातलं आणि हनुवटीखालचा पट्टा घट्ट केला.

“मी घाटानं मोटार घेऊन येते,” ती म्हणाली. “तुम्हाला परत आणायला.”

“घाई करू नकोस,” ओरोसिया म्हणाली.

ट्रॉली उलटी सुटली. तेवढ्यात ओरोसियाला सगळं आठवलं आणि ती मागे वळून ओरडू लागली, “सरपंच, चूल विझव! उर्बेस, कोंबड्या कोंड! दाराची किल्ली दारालाच आहे, आणि सनईवाल्याला स्वयंपाकघरात सोडू नका!” तोवर बोगद्याचं तोंड आलं आणि तिचा आवाज आत गेला.

बोगद्यात गार होतं. पाणी ठिबकत होतं. बराच वेळ नुसता चाकांचा आवाज.

“भीती वाटतेय?” बेनितानं विचारलं.

“छे. तुला?”

“मला डॉक्टरांनी सांगितलंय, भीती वाटून घ्यायची नाही. हृदयाला बरं नसतं.”

“डॉक्टरांनी आणखी काय सांगितलंय?”

या वेळी बेनिता मांजर म्हणाली नाही. अंधारात, थांबत थांबत, तिनं सगळं सांगितलं. गोळ्या कोणत्या, केव्हा घ्यायच्या, जिना चढायला किती वेळ लागतो, रात्री उशी उंच का लागते. ओरोसियानं मधे एकदाही तिला टोकलं नाही. असं त्या दोघींच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच घडलं.

आर्नूसला शेडमध्ये ट्रॉली थांबली. गास्तोंनं आईला धरून उतरवलं, मग मावशीपुढे हात केला. ओरोसियानं खालच्या जमिनीकडे पाहिलं. साधीच जमीन होती, तेलाचे डाग पडलेली.

“मी आले नाहीये बरं का,” ती म्हणाली. “मला फक्त तिकडे उतरता आलं नाही.”

“बरं बाई, नाही आलीस,” बेनिता म्हणाली आणि तिनं आपला खांदा पुढे केला. “धर आणि उतर. आत चल, इथे वारा लागतो.”